टॅलाहॅची काउंटी आणि समनरचे न्यायालय

टॅलाहॅची काउंटी ही अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ८२ काउंटींपैकी एक ग्रामीण काउंटी आहे. चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीने १८३० च्या तहान्वये सोडलेल्या प्रदेशातून १८३३ साली तिची स्थापना झाली. येथून वाहणाऱ्या नदीवरून काउंटीस हे चॉक्टॉ नाव मिळाले. त्याचा अर्थ 'खडकांची नदी' असा सांगितला जातो. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२,७१५ होती.

काउंटीचा पूर्व भाग टेकड्यांचा, तर पश्चिम भाग डेल्टा या सुपीक, सपाट कापूसप्रदेशात मोडतो. या विभागणीमुळे काउंटीस चार्ल्सटन व समनर अशी दोन मुख्यालये आणि दोन न्यायालये आहेत. पश्चिमेकडील टटवायलर गावच्या रेल्वे स्थानकावर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३ च्या सुमारास प्रथम ब्लूज संगीत ऐकले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

न्यायालयाची इमारत

समनर येथील पूर्वीचे न्यायालय १९०८ साली आगीत नष्ट झाल्यावर सध्याची विटांची इमारत उभारण्यात आली. जाड भिंती, कमानी आणि मनोरा ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. प्रांगणात १९१३ साली उभारलेले कॉन्फेडरेट सैनिकांचे स्मारक आहे. वास्तू म्हणून अशी न्यायालये दक्षिणेत पुष्कळ आढळतात. समनरचे नाव जगापुढे आले ते १९५५ च्या खटल्यामुळे.

१९५५ चा खटला

शिकागोहून नातलगांकडे आलेल्या एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने एका गोऱ्या दुकानदारीणीशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला. २८ ऑगस्ट १९५५ रोजी शेजारच्या लफ्लोर काउंटीतून त्याचे अपहरण करण्यात आले. तीन दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला; गळ्याभोवती जिनिंग यंत्राचा लोखंडी पंखा काटेरी तारेने बांधलेला होता. मृतदेह टॅलाहॅची काउंटीत मिळाला म्हणून खुनाचा खटला समनरला चालला. वास्तविक त्याला सनफ्लॉवर काउंटीतील एका कोठारात मारहाण झाली होती. त्या कोठारातून ऐकू आलेल्या आवाजांविषयी विली रीड या तरुणाने याच खटल्यात साक्षही दिली.

दुकानदारीणीचा पती रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम हे आरोपी होते. एमेट ज्यांच्या घरी उतरला होता, त्या वृद्ध मोझेस राइट यांनी साक्षीच्या वेळी उभे राहून आरोपींकडे बोट दाखविले. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीयाने गोऱ्या माणसावर भर न्यायालयात असा आरोप करणे जिवावरचे होते. एमेटची आई मेमी टिल यांनीही मृतदेहाची ओळख पटविली. उलट काउंटीच्या शेरीफने, मृतदेह ओळखण्याच्या स्थितीत नव्हता, अशी बचाव पक्षाच्या वतीने साक्ष दिली.

निकालाचे मूळ मात्र साक्षीपुराव्यात नव्हे, तर मतदारयादीत शोधावे लागते. ज्युरीचे सदस्य नोंदणीकृत मतदारांतून निवडले जात. काउंटीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असूनही यादीत त्यांच्यापैकी एकही नव्हता, आणि मिसिसिपीच्या कायद्याने स्त्रियांना ज्युरीत स्थान नव्हते. परिणामी बाराही सदस्य गोरे पुरुष होते. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी ६७ मिनिटांत आरोपींची निर्दोष मुक्तता केली. शीतपेयासाठी थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असे एका सदस्याने सांगितले. जानेवारी १९५६ मध्ये आरोपींनी 'लुक' नियतकालिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालविता येत नसल्याने त्यांना शिक्षा झाली नाही.

नंतरचा काळ

यानंतर सुमारे पन्नास वर्षे काउंटीत या घटनेची अधिकृत नोंद जवळजवळ नव्हती. २ ऑक्टोबर २००७ रोजी कृष्णवर्णीय व गोऱ्या नागरिकांच्या संयुक्त आयोगाने न्यायालयासमोर टिल कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली. पुढे वरच्या मजल्यावरील न्यायदालनास १९५५ मधील रूप परत देण्यात आले. नदीकाठी ग्रॅबॉल लँडिंग येथे लावलेला माहितीफलक मात्र एकदा चोरीस गेला, आणि नंतरच्या फलकांवर वारंवार गोळ्या झाडण्यात आल्या. २०१९ मध्ये तेथे गोळीरोधक फलक बसवावा लागला.

२५ जुलै २०२३ रोजी हे न्यायालय, ग्रॅबॉल लँडिंग आणि शिकागोतील, जेथे एमेटचा अंत्यविधी झाला ते चर्च, यांना मिळून राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. समनरच्या इमारतीत काउंटीचे न्यायालयीन कामकाज आजही चालते.