रीत आणि किल्ली

धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ खानदेशात कोणास ठाऊक नाही? १९२७ साली ज्यांच्या नावाने ते स्थापन झाले, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी महानुभावांच्या 'सकळ' लिपीची उकल करून दाखविली होती. जळगाव जिल्ह्यात कनाशीसारखी या पंथाची स्थाने आहेत. पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत जपले. युक्ती अशी की, मूळ अक्षराच्या जागी दुसरे ठरलेले चिन्ह लिहावयाचे. कोष्टक ज्याच्यापाशी नाही, त्याला पोथी मुकी.

हीच युक्ती संगणकाला शिकवावयाची तर काय करावे, ते आपण पाहू.

यंत्राला अक्षर कळत नाही. अंक कळतो, आणि तोही शून्य व एक यांच्या रूपात. रोमन मोठ्या 'ए'चा अंक ६५, म्हणजे ०१०००००१. किल्ली म्हणून ४२ घेऊ, म्हणजे ००१०१०१०. आता 'एक्सॉर' ही क्रिया करावयाची: वरचा व खालचा आकडा सारखा असेल तर ०, वेगळा असेल तर १. उत्तर ०११०१०११, म्हणजे १०७. हा झाला लहान 'के'. मौज अशी की, १०७ वर तीच किल्ली पुन्हा चालविली की ६५ परत येतो. कुलूप लावणारी आणि उघडणारी क्रिया एकच!

यंत्राच्या अगदी जवळची भाषा म्हणजे असेंब्ली. १९७६ साली निघालेल्या इंटेलच्या ८०८५ या प्रोसेसरला तीत सहाच आज्ञा द्याव्या लागतात. स्मृतीतले अक्षर उचल. किल्लीशी एक्सॉर कर. उत्तर त्याच जागी ठेव. पुढच्या जागेवर जा. मोजणीतून एक वजा कर. मोजणी शून्य झाली नसेल तर पुन्हा पहिल्या आज्ञेवर ये. मजकूर कोठे सुरू होतो आणि अक्षरे किती, एवढे मात्र आधी सांगून ठेवावयाचे.

पण हे कुलूप किती पक्के? आठ आकड्यांच्या किल्ल्या २५६ च. यंत्र त्या साऱ्या क्षणात लावून पाहील. त्याचीही गरज नाही. इंग्रजी मजकुरात सर्वांत अधिक वेळा येते ती शब्दांमधली मोकळी जागा; तिचा अंक ३२. गुप्त मजकुरात १० हा अंक सर्वाधिक दिसला, की १० व ३२ यांचे एक्सॉर करावे. किल्ली ४२ हाती येते.

सकळ लिपीचेही असेच होते. तिचे कोष्टक हीच तिची किल्ली. ते एकदा कळले की त्या लिपीतल्या साऱ्या पोथ्या वाचता येतात. म्हणूनच केरखॉफ्स या पंडिताने १८८३ साली सांगून ठेवले की, रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित किल्लीत असावे. २००१ साली अमेरिकेत प्रमाण ठरलेली एईएस ही पद्धत कोणीही वाचू शकतो, पण तिची लहानात लहान किल्लीही १२८ आकड्यांची असते.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी या सहा ओळी अवश्य लिहाव्यात. यंत्र कसे चालते ते त्यातून नेमके कळते. मात्र बापाचा बँकेचा हिशेब त्यांच्या भरवशावर ठेवू नये.