कोरकू घर, मराठी पुस्तक: मेळघाटातील वाचनशिक्षणाचे काम

अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत पसरलेल्या मेळघाटात पहिलीच्या वर्गात येणाऱ्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा कोरकू असते आणि त्यांच्या हाती पडणारे पाठ्यपुस्तक मात्र मराठीत असते. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळाच्या मुंडा शाखेतील भाषा असून त्या शाखेच्या भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडे तीच बोलली जाते. संथाली, मुंडारी, हो या तिच्या नात्यातल्या भाषा शेकडो किलोमीटर पूर्वेला, झारखंड-ओडिशाच्या पट्ट्यात आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मुख्यतः मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात मिळून सुमारे ७ लाख २७ हजार लोक ती बोलतात. त्याच वर्गात एखादे गवळ्याचे किंवा गोंडाचे मूल असते, बाजारात आणि एसटीत हिंदी कानावर पडते, आणि सपाटीवरून आलेल्या शिक्षकाच्या बोलण्यात पुष्कळदा वऱ्हाडी असते. सहा वर्षांचे मूल अशा भाषिक गर्दीतून वाट काढत प्रमाण मराठीतील छापील वाक्यापर्यंत पोहोचावे, अशी शाळेची अपेक्षा असते.

अशा शाळांमध्ये शिक्षकाच्या सोबतीला जाणारी व्यक्ती, मग ती केंद्रप्रमुख असो, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील विषयतज्ज्ञ असो किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती असो, वर्गात नेमके काय करते, हे बाहेरून पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही. तिचे पहिले काम मागे बसून ऐकण्याचे आहे. कोणता मजकूर कोणत्या भाषेत, कोणाकडून कोणाकडे जातो, याची ती नोंद करते. शिक्षकाच्या मराठी प्रश्नाला संपूर्ण वर्ग एका सुरात उत्तर देतो तेव्हा ते उत्तर बहुधा एका शब्दाचे किंवा प्रश्नाचाच शेवटचा शब्द उचलून दिलेले असते. त्याच वेळी मागच्या रांगेत एक मुलगी शेजारणीला हलक्या आवाजात कोरकूत काहीतरी समजावत असते, आणि धड्याचे खरे आकलन पुष्कळदा त्या कुजबुजीतच घडत असते. वर्गाच्या शिस्तीत ही कुजबुज गोंगाट ठरते. म्हणून नोंदवहीत तिच्यासाठी वेगळा रकाना असणे ही किरकोळ बाब नव्हे.

या कामाचा कणा म्हणजे वाचनाची अडचण आणि भाषेची अडचण एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या वाचनाच्या साध्या प्रारूपानुसार वाचनातून होणारे आकलन हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे: एक लिपीचा उलगडा, म्हणजे अक्षरचिन्हांवरून उच्चार करता येणे, आणि दुसरी ऐकून भाषा समजणे. ही बेरीज नसून गुणाकार आहे, त्यामुळे दोहोंपैकी एक क्षमता शून्य असली तर दुसरी कितीही चांगली असूनही आकलन शून्यच राहते. मेळघाटातील तिसरी-चौथीच्या वर्गांत या मांडणीचा पडताळा रोज येतो. एखादा मुलगा मराठी उतारा काना, मात्रा, वेलांटीसह, जोडाक्षरांवर न अडखळता वाचून दाखवतो आणि त्यातील कोण कोठे गेले एवढेही सांगू शकत नाही. दुसऱ्या मुलाला तीच गोष्ट कोरकूत ऐकवली तर तो पुढे काय होईल याचे अचूक भाकीत करतो, परंतु छापील ओळीसमोर गप्प होतो. शाळेच्या नोंदीत दोघेही ‘अप्रगत’ या एकाच शब्दाखाली येतात, आणि दोघांनाही एकच उपाय, म्हणजे बाराखडीची उजळणी, मिळतो. पहिल्या मुलाला तिचा काहीही उपयोग नसतो.

हा भेद ओळखण्याची रीत साधी आहे, मात्र तिला वेळ लागतो. प्रथम मूल स्वतः उतारा वाचते आणि त्यावरचे प्रश्न त्याला मराठीत व कोरकूत असे दोन्ही भाषांत विचारले जातात, उत्तराच्या भाषेची सक्ती नसते. नंतर त्याच काठिण्याचा दुसरा उतारा मोठी व्यक्ती मराठीत वाचून दाखवते. शेवटी तशीच एखादी गोष्ट कोरकूत सांगितली जाते. मूल कोठे खुलते आणि कोठे मिटते, हे या तीन पायऱ्यांवर दिसते. कोरकूतील गोष्टीवरही ज्यांना बोलता येत नाही अशी मुले फार थोडी असतात, आणि त्यांच्याबाबत श्रवणदोषासारख्या कारणांचा विचार करावा लागतो. उरलेल्यांच्या बाबतीत ‘मुलाला काही येत नाही’ हे विधान मागे घ्यावे लागते. शिक्षकाने ते स्वतःच्या कानांनी ऐकून मागे घेणे हा या कामातील सर्वांत मोलाचा क्षण होय. अहवालात लिहिलेल्या निष्कर्षाने तो येत नाही.

मुलांच्या चुका हा दुसरा मोठा ऐवज आहे. मराठीत तीन लिंगे आहेत आणि विशेषण, क्रियापद व संबंधदर्शक प्रत्यय त्यांच्याप्रमाणे बदलतात. कोरकूचे व्याकरण नामांचे सजीव आणि निर्जीव असे वर्ग मानते. त्यामुळे ‘गाय आला’ किंवा ‘माझा पुस्तक’ असे म्हणणारे मूल बेफिकीर नसते, तर आपल्या भाषेत नसलेला भेद अजून शिकत असते. उलट कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही आहे, म्हणजे दोन कुत्री आणि पुष्कळ कुत्री यांच्यासाठी नामाची रूपे वेगळी होतात. ‘सिटा’ म्हणजे कुत्रा आणि ‘सिटाकू’ म्हणजे दोनाहून अधिक कुत्री. असा बारीक भेद अनायास सांभाळणाऱ्या मुलाला भाषा जमत नाही असे म्हणता येत नाही. काही ठिकाणी तर दोन्ही भाषा एकमेकींच्या हातात हात घालतात: ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असा जो भेद मराठी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत करते तो कोरकूतही आहे, हिंदीत नाही, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय दोन्हींकडे सारखीच आहे. कोठे आधार आहे आणि कोठे खड्डा आहे, याचा असा नकाशा शिक्षकाच्या हाती असला की तो सर्व चुका एकाच वेळी सुधारण्याचा खटाटोप सोडतो आणि एका महिन्यात एकाच गोष्टीवर काम करतो.

लिपीच्या बाबतीत मेळघाटाला एक सोय लाभली आहे, ती म्हणजे कोरकू लिहिण्यासाठीही देवनागरीच वापरता येते. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत संपूर्ण वर्णमाला आधी पाठ आणि मग शब्द, या क्रमाऐवजी थोड्या अक्षरांचा एक गट घेऊन त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द घडवण्याची पद्धत मराठी शाळांत आता पुष्कळांना परिचित आहे, येथे तिचे पहिले शब्द कोरकूतून घेतले जातात. ‘ड’साठी ‘डा’, म्हणजे पाणी, ‘उ’साठी ‘उरा’, म्हणजे घर, ‘स’साठी ‘सिटा’. मुलाला नवे चिन्ह, अपरिचित उच्चार आणि अपरिचित अर्थ या तिन्ही गोष्टी एकदम पेलाव्या लागत नाहीत, केवळ चिन्ह नवे राहते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलांनी स्वतः मागितलेल्या शब्दांपासून वाचन सुरू करण्याची जी रीत १९६३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली, तिच्याशी या पद्धतीचे नाते आहे. मुलांनी चित्रगप्पांत उच्चारलेली वाक्ये फळ्यावर जशीच्या तशी लिहायची, ती त्यांच्याकडून वाचून घ्यायची, आणि त्याच प्रसंगावरची मराठी वाक्ये दुसऱ्या दिवशी शेजारी मांडायची, असा हा क्रम चालतो. मोहफुले वेचणे, होळीची तयारी, ओढ्यातले मासे हे विषय निघाले की बोलण्याचा तुटवडा भासत नाही.

शिक्षकाला कोरकू येत नसेल तर काय, हा प्रश्न येथे अटळपणे येतो. अंगणवाडीतील मदतनीस, गावातील शिकलेला तरुण किंवा चौथीतील मोठी मुले यांची मदत घेता येते, मात्र या मदतीत एक धोका आहे आणि तो वेळीच ओळखावा लागतो. प्रत्येक मराठी वाक्याचा लगोलग कोरकूत अनुवाद होऊ लागला की मुले मराठी ऐकणेच सोडून देतात आणि अनुवादाची वाट पाहत बसतात. वर्ग दुभाषी दिसतो, पण मराठी पुढे सरकत नाही. यासाठी भाषांच्या जागा वेगळ्या ठेवल्या जातात. गोष्टीतील पात्रे, प्रसंग आणि अडलेले शब्द यांविषयी आधी कोरकूत बोलणे होते. मग मोठ्या अक्षरांच्या, सर्वांना दिसेल अशा पुस्तकातून शिक्षक बोट फिरवत संपूर्ण गोष्ट केवळ मराठीत वाचतो. त्यानंतर तिच्यावरची चर्चा मुले हव्या त्या भाषेत करतात. शिक्षकही दररोज थोडी कोरकू शिकतो, आणि मुले त्याचे उच्चार आनंदाने दुरुस्त करतात.

कायद्याने या कामाला जागा दिलेली आहे. राज्यघटनेतील १९५६ चे कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवण्याविषयी आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीच दिशा दाखवते. ‘व्यवहार्य असेल तेथवर’ या शब्दांचा अर्थ अखेर एका द्विशिक्षकी शाळेत, एकाच खोलीत बसलेल्या दोन-तीन इयत्तांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकालाच ठरवावा लागतो. त्याला एखाद्या दिवसाच्या प्रशिक्षणात सर्व पद्धती सांगून परत पाठवणे हे त्याच्यावर ओझे टाकणे आहे. उपयोगी पडते ते सोबतीला जाणाऱ्या त्याच व्यक्तीचे त्याच वर्गात पुन्हा येणे, तिने स्वतः एक पाठ घेऊन दाखवणे, पुढचा पाठ शिक्षक घेत असताना केवळ पाहणे, आणि त्यानंतर दोघांनी मिळून ठरावीक दोन-तीन मुलांविषयी बोलणे. शिक्षकाची बदली झाली की त्याने जमवलेले शब्द आणि चुकांचे टिपण त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणून मुलांच्या मदतीने भरलेली कोरकू-मराठी शब्दवही ही शिक्षकाची नव्हे, शाळेची मालमत्ता मानली जावी.

हंगामी स्थलांतराचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. बरोबर गेलेल्या मुलांचे लिपीशिक्षण तेवढ्या काळात तुटते आणि परतल्यावर अक्षरांच्या चाचणीत ती सर्वांच्या मागे पडलेली दिसतात. परंतु त्याच महिन्यांत ती शेतमालकाशी, दुकानदाराशी आणि इतर मजुरांच्या मुलांशी मराठीत किंवा वऱ्हाडीत बोलून आलेली असतात, आणि ऐकून समजण्याच्या क्षमतेत गावातच राहिलेल्या मुलांच्या पुढेही गेलेली असू शकतात. अशा मुलाची तपासणी अक्षरतक्त्यापासून सुरू झाली तर त्याने मिळवलेले सारे अदृश्य राहते; ती आधी गप्पांनी, मग ऐकवलेल्या गोष्टीने आणि सर्वांत शेवटी लिपीने व्हावी, आणि वर्गात त्याला कोणत्या गटात बसवायचे हे तिन्ही झाल्यानंतर ठरावे.