तारकीय किरीट व त्याचे क्ष-किरण वेध

ताऱ्याच्या दीप्तिगोलाबाहेर (दृश्य पृष्ठाबाहेर) पसरलेल्या अतिशय विरल व तप्त आवरणास किरीट म्हणतात. सूर्याच्या दीप्तिगोलाचे तापमान सु. ५,८०० के., तर किरिटाचे १० ते २० लक्ष के. असते. एवढ्या तापमानाचा आयनद्रायू (आयनीभूत वायू) क्ष-किरण उत्सर्जित करतो. पृथ्वीच्या वातावरणात हे किरण शोषले जात असल्याने त्यांचे वेध अग्निबाण व कृत्रिम उपग्रह यांवरूनच घ्यावे लागतात.

हर्बर्ट फ्रीडमन यांनी १९४९ मध्ये व्ही-२ अग्निबाणावरील उपकरणांनी सौर क्ष-किरण मोजले. ब्रह्महृदय (कॅपेला) या ताऱ्याचे क्ष-किरण १९७४ मध्ये आढळले. १९७८ साली सोडलेल्या आइन्स्टाइन या अमेरिकन वेधशाळेने बहुतेक सर्व प्रकारच्या ताऱ्यांपासून क्ष-किरण येतात, असे दाखविले.

सूर्यासारख्या ताऱ्यांच्या बाह्य थरांत संनयन चालू असते. संनयन व अक्षीय भ्रमण यांच्या संयुक्त परिणामाने चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्याच्या ऊर्जेने किरीट तापतो. म्हणून तारा जितका जलद फिरतो, तितके त्याचे क्ष-किरण प्रखर असतात. ही वाढ मात्र अमर्याद नसते. क्ष-किरणांची शक्ती ताऱ्याच्या एकूण दीप्तीच्या सु. एक सहस्रांश झाली की, भ्रमण अधिक जलद असूनही ती वाढत नाही. सूर्याच्या बाबतीत हे प्रमाण दशलक्षांशाइतके किंवा त्याहूनही कमी असते.

तारे बिंदुवत दिसत असल्याने त्यांच्या किरिटाची रचना प्रत्यक्ष पाहता येत नाही. ग्रहणकारी तारायुग्मे ही उणीव काही अंशी भरून काढतात. ययाती तारकासमूहातील अल्गॉल या युग्मातील थंड घटकावर ऑगस्ट १९९७ मध्ये प्रचंड उज्ज्वाला उद्‌भवली. बेप्पोसॅक्स हा उपग्रह तिचे वेध घेत असताना दुसरा घटक आड आला व उज्ज्वालेचे क्ष-किरण पूर्णपणे झाकले गेले. ग्रहणाचा आरंभ व शेवट यांवरून उज्ज्वाला त्या ताऱ्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ होती व तिची उंची ताऱ्याच्या त्रिज्येच्या ०·६ पटीपेक्षा कमी होती, असे अनुमान निघाले.

तारकीय वाऱ्याबरोबर कोनीय संवेग निघून जात असल्याने सूर्यासारखे तारे वयोमानानुसार मंदावतात व त्यांचे क्ष-किरण क्षीण होतात. यावरून बाल्यावस्थेतील सूर्य क्ष-किरणांत आजच्यापेक्षा शेकडो पट तेजस्वी असावा, असे मानतात. अशा किरणांनी ग्रहाच्या वातावरणाचे वरचे थर तापून त्यांतील वायू अवकाशात निसटू शकतात. त्यामुळे पृथ्वीच्या व अन्य ग्रहांच्या वातावरणांचा पूर्वेतिहास जाणण्यासाठीही हे वेध महत्त्वाचे आहेत.