एक फोन, दोन सिम : परदेशप्रवासातली आपली ओळख

आजचा विषय तत्त्वज्ञानवाल्यांनी कशाला घ्यावा, असं काहींना वाटेल. पण आपल्यातले पुष्कळजण मुलांकडे अमेरिकेला पाच-सहा महिने राहून येतात. तिथून पेन्शनच्या खात्यातले पैसे हलवायचे म्हटलं, तर बँकेचा ओटीपी इथल्याच नंबरवर येतो. तो नंबर बंद पडला, की स्वतःच्या पैशांसाठी आपण परावलंबी. म्हणजे प्रश्न फोनचा कमी आणि स्वावलंबनाचा जास्त आहे.

आधी सिम म्हणजे काय ते पाहू. आपला दहा आकडी नंबर कार्डात बसलेला असतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कार्डाचं काम चालतं ते एका वेगळ्याच क्रमांकावर आणि एका गुप्त किल्लीवर. त्या क्रमांकाचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५. न्यूयॉर्कला उतरून फोन सुरू केला, की तिथलं नेटवर्क हा क्रमांक वाचतं आणि इथल्या कंपनीला विचारतं, ‘हा तुमचाच का?’ इथून होकार गेला की सेवा सुरू. यालाच रोमिंग म्हणायचं. वेदान्तात ‘हाच तो देवदत्त’ असं एक जुनं उदाहरण आहे. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी दिसतो; स्थळकाळाचा भेद बाजूला ठेवला की माणूस तोच. फरक इतकाच, की प्रत्यभिज्ञेचं बिल येत नाही, रोमिंगचं येतं!

म्हणून दोन सिममध्ये कामाची वाटणी करायची. भारतातलं सिम ओळखीसाठी, तिथलं सिम व्यवहारासाठी. सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटा तिथल्या सिमवर ठेवा. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करा, पण सिम चालू राहू द्या. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू झालं आहे ना, आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, हे कंपनीला विचारून घ्या. एसएमएस बहुधा मोफत असतो. आलेला कॉल उचलला तर मात्र पैसे पडतात. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवरच बोलायला सांगा. त्याचं खातं जुन्याच नंबरवर राहतं, इंटरनेट कुठल्याही सिमचं चालतं. सिम बदललं दिसलं म्हणून ‘नंबर बदलायचा का?’ असं ते विचारेल, नाही म्हणा.

यूपीआयची गोष्ट थोडी नाजूक आहे. नोंदणीच्या वेळी ते ॲप आपल्या सिमवरून एसएमएस पाठवून खात्री करून घेतं. तेव्हा परदेशात ते काढून पुन्हा टाकण्याच्या भानगडीत पडू नका.

फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर कार्डाचीही गरज नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की सिम फोनमध्ये उतरतं. मात्र त्याला इंटरनेट लागतं, म्हणून हे काम घरच्या वायफायवर उरकावं. युरोपला जाणाऱ्यांना एक सोय आहे : १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम संघातल्या इतर देशांत जादा रोमिंग आकाराशिवाय चालतं. स्वित्झर्लंड संघात नाही, हे सहल कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं नसतं! तिथे सिम चालेल का, ते घेतानाच विचारावं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ अखेर ३जी बंद केलं. जुना फोन तिथे चालेल का, हे मुलांकडून आधी पाहून घ्या.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे नंबर ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिलाही जातो. मग आपल्या बँकेचे निरोप त्या अनोळखी माणसाच्या हाती! सहा महिन्यांच्या मुक्कामात ९० दिवस सहज उलटतात. नुसते ओटीपी येत आहेत म्हणून नंबर वापरात आहे, असं धरून चालू नका. रिचार्जची मुदत संपू देऊ नका आणि महिन्यातून एकदा त्या सिमवरून घरी एखादा कॉल करा. चार पैसे जातील, पण नंबर आपलाच राहील.

आणि हे सगळं निघायच्या आठवडाभर आधी स्वतःच्या हातांनी करून पाहा. मुलगा विमानतळावर घ्यायला येतो, तेव्हा त्याला सामान उचलू द्या. ओटीपी आपला आपणच वाचावा.