'नाही' म्हटल्यावर पुढे काय?



गावात दारूचे दुकान राहावे की जावे, यासाठी महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान होते. आडवी बाटली जिंकली की दुकान बंद. पण गावाचे व्यसन सुटले का? तो प्रश्न चिठ्ठीवर नसतोच. लोकांनी 'नाही' म्हटले म्हणजे नेमके काय ठरते, हे समजायला गोव्याचा जनमत कौल पाहू या.

1961 च्या डिसेंबरात गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला. मग वाद पेटला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाचे पुरस्कर्ते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी मतदानाआधी सत्ता सोडली. 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पाने. मत फक्त तिथल्या मतदारयादीत नाव असलेल्यांचे. मालाडच्या ओर्लेममध्ये घर करून राहिलेल्या गोवेकराचे नाव त्या यादीत नसेल, तर त्याला मत नव्हते.

फुलाला 1,38,170 मते पडली, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021 चा. विलीनीकरण फेटाळले गेले.

आता गंमत पाहा. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला निवडले! म्हणजे मतदार गोंधळला होता का? मुळीच नाही. गोवा कुठे असावा हा एक प्रश्न, कारभार कोणी करावा हा दुसरा. दोहोंना त्याने वेगवेगळी उत्तरे दिली.

आणि जे विचारलेच नव्हते, ते शिल्लक राहिले. स्वतंत्र राज्य हा पर्याय चिठ्ठीवर नव्हता. ते 30 मे 1987 रोजी, वीस वर्षांनी मिळाले. भाषेचा प्रश्नही उरला. त्यावर पुढे मोठे आंदोलन झाले, आणि 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली. सरकारी कामात मराठीच्या वापरालाही त्यात जागा ठेवली गेली.

युरोपातही असेच घडले. 2008 साली आयर्लंडच्या जनतेने लिस्बनचा करार नाकारला. मग काही बाबींची हमी देऊन तोच करार 2009 साली पुन्हा मतास टाकला, आणि तो मंजूर झाला. 'लोकांच्या शंका दूर केल्या' असे कोणी म्हणाले, तर 'हवे ते उत्तर येईपर्यंत विचारत राहिले' असे कोणी. गोव्यात मात्र तो प्रश्न पुन्हा मतास टाकला गेला नाही. हरलेल्यांनीही पुढची लढाई निवडणुकीत आणि विधानसभेत लढवली.

तेव्हा ग्रामसभेत हात वर करण्यापूर्वी एवढे विचारा: प्रश्न नेमका कोणता, आणि 'नाही' म्हटले तर उद्यापासून काय? गुरुजींनी हाच प्रश्न वर्गात मुलांपुढे जरूर मांडावा. कौल दिला की एक वाद मिटतो. उरलेले चार शेजारी बसूनच मिटवावे लागतात.