वाफेचे नव्हे, हवेचे इंजिन

थॉमस बार्नी याने 1719 साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले एक चित्र तंत्रज्ञानाच्या इतिहासात मोलाचे मानले जाते. इंग्लंडमध्ये डडली किल्ल्याजवळच्या कोळसा खाणीतून पाणी उपसण्यासाठी 1712 साली उभारलेले यंत्र त्यात दाखवले आहे. आज अशा चित्राची प्रत चौकटीत बसवून भिंतीवर टांगली, की पाहणारा जुन्या काळची शोभेची वस्तू म्हणून पुढे सरकतो. पण बार्नीने यंत्राच्या भागांना क्रमांक दिले आहेत आणि बाजूला त्यांची यादीही छापली आहे. ज्याला यंत्र समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी काढलेले हे चित्र आहे.

त्या काळी खाणमालकांचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. वरचा कोळसा संपला की खोल जावे लागे आणि खोल गेले की खाणीत पाणी भरे. ते उपसायला घोडे जुंपावे लागत. थॉमस सेव्हरी याने 1698 साली आगीच्या साहाय्याने पाणी चढवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पण त्याचे यंत्र पाणी फार तर आठ-नऊ मीटरच ओढू शके. त्याहून वर चढवायचे तर वाफेचा दाब वाढवावा लागे आणि तो सांध्यांना पेलवत नसे.

डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी थॉमस न्यूकोमेन आणि त्याचा जोडीदार जॉन कॅली यांनी वेगळा मार्ग धरला. बार्नीच्या चित्रातले यंत्र त्यांचेच. त्यात खाली बॉयलर आहे आणि त्याच्यावर उभा, वरून उघडा सिलिंडर. आतला दट्ट्या साखळीने एका अजस्र लाकडी तुळईला जोडलेला आहे. तुळईचे एक टोक इंजिनघरात, दुसरे भिंतीबाहेर खाणीच्या तोंडावर. मुलांच्या सी-सॉसारखी ती मधल्या आसावर खालीवर होते.

बाहेरच्या टोकाला लटकलेल्या पंपाच्या दांड्यांच्या वजनाने ते टोक खाली जाते. त्यामुळे आतला दट्ट्या वर उचलला जातो आणि सिलिंडर वाफेने भरतो. या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचितच जास्त असतो. मग वाफेची झडप बंद होते आणि सिलिंडरमध्ये थंड पाण्याची चिळकांडी उडते. वाफेचे क्षणात पाणी होते. हे पाणी वाफेच्या हजाराव्या भागाहूनही कमी जागा व्यापते, त्यामुळे दट्ट्याखाली पोकळी निर्माण होते. आता वरची हवा दट्ट्याला खाली दाबते, तुळईचे बाहेरचे टोक उचलले जाते आणि पाणी वर येते. म्हणजे खरे ओझे उचलते ती हवा. वाफेचे काम जागा भरणे आणि नाहीसे होणे, एवढेच.

हवेला एवढा जोर कुठून? समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे एक किलो असतो. डडलीच्या सिलिंडरचा व्यास 21 इंच होता. पोकळी परिपूर्ण असती, तर दट्ट्यावर दोन टनांहून अधिक भार पडला असता. प्रत्यक्षात तो बराच कमी मिळे. तरीही हे इंजिन मिनिटाला 12 फेऱ्या करी आणि दर फेरीला सुमारे 45 लिटर पाणी 46 मीटर वर चढवी. ही शक्ती साधारण साडेपाच अश्वशक्ती भरते.

थंड पाणी थेट सिलिंडरच्या आत सोडण्याची युक्ती अपघाताने सुचली, असे मार्टेन ट्रिवाल्ड या स्वीडिश अभियंत्याने लिहून ठेवले आहे. आधी सिलिंडर बाहेरून थंड केला जाई. एकदा त्याच्या भिंतीतले डाख दिलेले छिद्र उघडले, बाहेरचे पाणी आत घुसले आणि दट्ट्या प्रचंड जोराने खाली आदळला.

चित्राच्या मथळ्यात शोधाचे श्रेय सेव्हरी आणि न्यूकोमेन या दोघांना दिले आहे, तेही सेव्हरीचे नाव आधी घालून. यामागे कायदा होता. सेव्हरीच्या पेटंटची मुदत संसदेने 1733 पर्यंत वाढवली होती आणि त्याची व्याप्ती इतकी मोठी होती, की न्यूकोमेनला त्याच छत्राखाली काम करावे लागले. न्यूकोमेन 1729 साली वारला, तेव्हाही ते पेटंट लागूच होते.

या इंजिनाचा मोठा दोष म्हणजे इंधनाची उधळपट्टी. प्रत्येक फेरीला सिलिंडर तापवायचा आणि लगेच थंड करायचा. त्यामुळे कोळशातल्या ऊर्जेपैकी एक टक्काही कामी येत नसे. खाणीच्या तोंडावर विकला न जाणारा बारीक कोळसा मुबलक असल्याने तिथे ते परवडे. पुढे ग्लासगो विद्यापीठातील याच इंजिनाची प्रतिकृती दुरुस्त करताना जेम्स वॉटला हा दोष खटकला. त्याने वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडले आणि 1769 साली त्याचे पेटंट घेतले.

डडलीचे मूळ यंत्र आज शिल्लक नाही. मात्र तिथल्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमने बार्नीच्या चित्राचा आधार घेऊन त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारली. 1986 साली पूर्ण झालेली ही प्रतिकृती वाफेवर चालवूनही दाखवण्यात आली आहे.