आजोबांची पद्मिनी आणि ट्रॉलीचा हूक

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर दुसरबीड लागते. सुगीच्या दिवसांत या रस्त्याने ट्रॅक्टरमागून भरलेल्या ट्रॉल्या सतत जात असतात. दोहोंना जोडणाऱ्या लोखंडी पिनेकडे सहसा कोणी पाहत नाही, कारण ट्रॅक्टर ओढण्यासाठीच घडलेला असतो. परंतु घरी जपून ठेवलेल्या प्रीमियर पद्मिनीला तसाच हूक बसवावा, मागे लहानशी ट्रॉली जोडून लग्नकार्याची भांडी वा पाण्याचे पिंप न्यावे, असे मनात आले, की प्रश्न निराळाच होतो. त्या गाडीत बहुधा घरचीच माणसे बसलेली असतात.

या गाडीशी समाजाचे नाते जुने आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. फियाट ११०० येथे अवतरली ती १९५४ साली. शेठजी त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते. तीच गाडी पुढे रूप आणि नाव पालटत १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली.

या गाडीला स्वतंत्र चासी नाही, आणि सगळी अडचण येथेच आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप शिडीसारख्या पोलादी चौकटीवर उभी होती. तिच्या मागे हूक मुळातच असे आणि पाव टनाची ट्रॉली तिच्यासाठीच केलेली होती. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या जीपांचा सांगाडाही त्याच जातीचा. पद्मिनीचा पत्रा मात्र स्वतःच सांगाडा आहे. तळ, बाजू आणि छत मिळून भार पेलतात. अशा गाडीचा ताण एका जागी एकवटला, तर पत्रा फाटतो. चकाकणाऱ्या बंपरला हूक जोडणे हा तर निव्वळ अविचार होय. बंपर शोभेचा व किरकोळ धक्क्याचा आहे, ओढण्याचा नव्हे.

म्हणून काम हुकापासून नव्हे, तळापासून सुरू करावे. मागची डिकी रिकामी करून, गालिचा उचलून, हातोडीच्या दांड्याने पत्रा ठोकून पाहावा. बद्द आवाज आला तर आत गंज आहे, आणि तेथे आधी पत्र्याचे काम करणे भाग आहे. पत्रा खणखणीत असेल, तर डिकीखालून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पेटीसारख्या दोन पट्ट्यांना धरून आडवी पोलादी चौकट बसवावी. प्रत्येक बोल्टखाली डिकीच्या आतून तळहाताएवढी जाड पट्टी द्यावी, म्हणजे ओढ पसरते. बोल्ट ८.८ प्रतीचे, नट आपोआप न सुटणारे घ्यावेत. भोक पाडण्यापूर्वी पेट्रोलची टाकी व नळी कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. पातळ जुन्या पत्र्यावर वेल्डिंगचा मोह टाळावा. उष्णतेने पत्रा कमजोर होतो, शिवाय टाकी जवळच असते. पाडलेल्या भोकांच्या कडांना गंजरोधक रंग लावल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत.

भार कसा ठेवावा, हे गावच्या जुन्या माणसांना पुस्तकावाचून ठाऊक असते. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की ती ‘उलाळ’ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे येते. ट्रॉलीचेही तेच. मालासह ३०० किलोची ट्रॉली असेल, तर हुकावर २० ते ३० किलो भार यावा. दुकानातला साधा वजनकाटा दांड्याखाली ठेवला की तो मोजता येतो. ट्रॉली उलाळ झाली तर वेगात ती शेपटीसारखी डुलू लागते आणि गाडीची मागची चाके हलकी करते. अशा वेळी जोराने ब्रेक दाबणे घातक ठरते. पाय हळूहळू काढून घ्यावा.

ब्रेकचा विचार तर सर्वांत आधी करावयास हवा. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. ओढण्याचे तिला जमेल. थांबवण्याचे काम मात्र चारही चाकांच्या जुन्या ड्रम ब्रेककडे आहे. वेग ४० वरून ६० वर नेला, की थांबवावयाची ऊर्जा सव्वादोन पट होते. तीनशे किलो ही या वयाच्या गाडीची मर्यादा समजावी आणि चाळिशीच्या पुढे काटा जाऊ देऊ नये. हूक निसटलाच तर दांडा जमिनीत रुतू नये म्हणून त्याच्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या ओलांडून बांधाव्यात.

ट्रॉलीच्या मागे ब्रेकचे दिवे व इंडिकेटर हवेतच. ट्रॉलीचे दोन बल्ब वाढले की जुन्या गाडीच्या फ्लॅशरची लय बिघडते. तो बदलावा आणि अर्थिंगची तार वेगळी ओढावी.

शेवटी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हेही वाहनच, तिची नोंदणी लागते. कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत. गाडी ‘एमएच २८’ची असेल, तर लोखंड विकत घेण्यापूर्वी बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी बाकी असेल, तर ती त्याच फेरीत उरकावी. विमा कंपनीलाही कळवावे, अन्यथा अपघातानंतर तोच फेरफार दाव्याच्या आड येतो.

हे सारे जमले, तर पहिली फेरी रिकाम्या ट्रॉलीची, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, मुलांना घरी ठेवून करावी. शंभर किलोमीटर झाले, की डिकी उघडून प्रत्येक बोल्टला पुन्हा एकदा पाना लावावा.